लोखंडाची साक्ष

जुन्या वस्तूंविषयी मनुष्याच्या मनात दोन प्रकारचे भाव असतात. एक पक्ष म्हणतो 'जुने ते सोने', तर दुसरा म्हणतो 'जुनी ती अडगळ'. आणि मौज अशी की, हे दोन्ही पक्ष पुष्कळदा एकाच छपराखाली नांदत असतात. आमच्या घरी आमचे आजोबा, ज्यांना आम्ही सर्व आबा म्हणतो, ते पहिल्या पक्षाचे आणि आमचे वडील दुसऱ्या पक्षाचे. वादाचा विषय म्हणजे परड्यातील चिंचेखाली गेली एकवीस वर्षे उभी असलेली एक मालमोटार. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत या वादात आम्हीही ओढले गेलो. त्यातून आम्हांस जे शिकावयास मिळाले ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारले जाण्यासारखे नाही. तरी ते आपल्या शाळाबंधूंपुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रथम या मालमोटारीची ओळख करून देतो. टाटांनी १९४५ साली जमशेदपूर येथे आगगाडीची इंजिने बांधण्याकरिता कंपनी काढली आणि १९५४ साली जर्मनीतील डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून तेथेच मालमोटारी बांधावयास आरंभ केला. हा करार १९६९ साली संपला. त्या पंधरा वर्षांत निघालेल्या गाड्यांच्या नाकावर वर्तुळात बसविलेली तीन टोकांची चांदणी असे. पुढे तिच्या जागी 'टी' हे इंग्रजी अक्षर आले. आमची गाडी १९५८ सालची, म्हणजे चांदणीवाली. आमच्या पणजोबांनी ती १९६५ साली जुनीच विकत घेतली. ता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरास भूकंप झाला, तेव्हा आबा अवघे सतरा वर्षांचे असून गाडीवर क्लीनर म्हणून जात. कऱ्हाडहून धान्याची पोती व पत्रे भरून ही गाडी पाटणमार्गे वर गेली, ही हकीकत त्यांनी आम्हांस इतक्या वेळा सांगितली आहे की, वाटेतील प्रत्येक वळण आम्हीच घेतले असावे असे वाटते.

परंतु कोणत्याही गाडीचे पुण्य तिच्या पत्र्यास गंज लागण्यापासून वाचवू शकत नाही. गेल्या मे महिन्यात वडिलांनी भंगारवाल्याशी सौदा ठरविला. आबांनी वाद घातला नाही. त्यांची दृष्टी आता मंदावली आहे, कान मात्र तीक्ष्ण आहेत. ते एवढेच म्हणाले, "एकदा तिचा आवाज ऐकवा, मग खुशाल न्या." वडील काही वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी सुट्टी संपेपर्यंतची मुदत दिली. ज्याच्याजवळ सुट्टी होती असा घरात एकच प्राणी होता, आणि तो म्हणजे आम्ही!

बंद पडलेले इंजिन दुरुस्त करावयाचे तर ते कोणते इंजिन आहे हे आधी कळले पाहिजे. कारण एका जातीचे सुटे भाग दुसऱ्या जातीस चालत नाहीत. आम्हांस ही गोष्ट फार सोपी वाटली. नोंदणीपुस्तकात '३१२' असे स्वच्छ लिहिलेले होते. आबांस विचारले तेव्हा तेही क्षणभर थांबून म्हणाले, "तीनशे बारा." त्या क्षणभराच्या थांबण्याचा अर्थ आम्हांस पुढे कळावयाचा होता. पुस्तके चाळून आम्ही ३१२ इंजिनाची कुंडली मांडली. सिलिंडर सहा, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, पिस्टनचा खालीवर होण्याचा पल्ला १२० मिलिमीटर. वृत्तचितीचे घनफळ काढण्याचे सूत्र आपण सर्वांनी वर्गात घोकले आहे. ते येथे लावून सहाने गुणले असता ४५८० घनसेंटिमीटर हा आकडा निघाला व तो छापील आकड्याशी तंतोतंत जुळला. भूमितीचा असा प्रत्यक्ष उपयोग झालेला पाहून आमची छाती फुगली. इंजिन न पाहताच आम्ही इंजिनाचे पंडित झालो!

कऱ्हाडात मोटारींची कामे करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांना सारे चाचा म्हणतात. ते एके दिवशी सकाळी येऊन गाडीभोवती दोनदा फिरले, वाकून खाली पाहिले आणि आमचे सारे पांडित्य शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "पोरा, आधी ब्लॉकवरचा नंबर घासून काढ. मग बोलू." इतके सांगून ते आठ दिवसांकरिता भाचीच्या लग्नास निघून गेले. जाताना त्यांनी एक काम नेमून दिले. इंजिन जाम झाले होते. तेव्हा सहाही नोझल काढून त्या भोकांतून सिलिंडरांत डिझेल व वंगणतेल यांचे मिश्रण ओतावे, ते मुरू द्यावे, आणि रोज पुढील बाजूस पाना लावून इंजिन हळूच फिरते का ते पाहावे. मात्र बळजबरी करू नये.

हे काम आम्ही निष्ठेने केले. चार दिवस पाना जागचा हलला नाही. पाचव्या दिवशी दुपारी तो बोटभर सरकला, तेव्हा आम्ही इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्या काकू धावत आल्या. परंतु नंबर घासण्याचे काम? तेथे तेल, धूळ व काजळी यांचा बोटभर जाड थर बसून दगडासारखा झाला होता. अर्धा तास खरवडल्यावर हात भरून आले आणि मनाने एक सोयीस्कर युक्तिवाद पुढे केला : पुस्तकात लिहिलेलेच आहे, आबाही तेच सांगतात, मग पुन्हा लोखंडास विचारण्याचे कारण काय?

आणखी एक खूण त्याच दिवसांत डोळ्यांपुढे आली होती. तिचे मर्म समजण्यास थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने जाळ लागतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, व तीत डिझेलचा फवारा शिरताच तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने ऑग्सबुर्ग येथे १८९७ साली असे इंजिन यशस्वी रीतीने चालवून दाखविले. आता ३१२ जातीच्या इंजिनात हा फवारा प्रथम एका लहानशा पूर्वकोठडीत शिरतो. थंड असताना ही कोठडी उष्णता शोषून घेते, म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी तीत बसविलेली विजेची तार तापवून लाल करावी लागते. त्या तारांना ग्लो प्लग म्हणतात. नंतरच्या काही इंजिनांत ही कोठडीच नाही. फवारा थेट पिस्टनच्या माथ्यावर पडतो, आणि त्यांना या तारांची गरज राहत नाही. आमच्या गाडीत चालकापुढे ग्लो प्लग तापविण्याचे बटण होते. त्याची वायर धरून आम्ही बॉनेटखाली गेलो, तो काय? वायर मध्येच कापलेली, टोकास काळी पट्टी गुंडाळलेली, आणि इंजिनावर ग्लो प्लगचा मागमूस नाही! आम्ही काय निष्कर्ष काढावा? उंदरांनी वायर खाल्ली! उंदीर वायर खातील, पण तिच्या टोकास पट्टी गुंडाळतील काय, हा प्रश्न आमच्या मनास शिवला नाही. ज्यास उत्तर आधीच ठाऊक असते, त्यास पुरावा दिसत नाही, हेच खरे.

चाचा परत येण्यापूर्वी काम पुढे न्यावे या हौसेने आम्ही पुण्याच्या एका जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याकडे दूरध्वनीने ३१२ च्या पिस्टनरिंगांचा पूर्ण संच मागविला. किंमत सहा हजार दोनशे रुपये. फोडलेला माल परत घेतला जाणार नाही अशी अट. आबांनी उशाखालच्या पत्र्याच्या डब्यातून नोटा काढून दोनदा मोजल्या आणि आमच्या हाती दिल्या. त्या वेळीही ते काही बोलू पाहत होते असे आम्हांस आता वाटते.

नवव्या दिवशी चाचा आले. हेड उतरविले. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांमधील गॅसकेट जळालेले होते आणि एका पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसल्या होत्या. आम्ही ऐटीने नवा संच पुढे केला. रिंग योग्य आहे का हे पाहण्याची रीत अशी की, ती एकटीच सिलिंडरात सरळ बसवावयाची व तिच्या दोन टोकांमध्ये राहिलेली फट गेजच्या पातळ पट्टीने मोजावयाची. चाचांनी रिंग सिलिंडराच्या तोंडाशी धरली आणि सोडली. ती कुठेही न अडकता खण्ण असा आवाज करीत तळाशी पिस्टनवर जाऊन पडली. कढईत बांगडी पडावी तशी!

कोणी काही बोलले नाही. चाचांनी माप काढले : ९७ मिलिमीटर. मग त्यांनी रॉकेलचा बोळा व तारेचा ब्रश आमच्या हाती देऊन ब्लॉककडे बोट दाखविले. पाऊण तासाने काजळीखालून अंक वर आले. आरंभीचे तीन होते ६९७. चाचा म्हणाले, "सहा म्हणजे सिलिंडर सहा. सत्त्याण्णव म्हणजे सत्त्याण्णवचा व्यास. नाव नाही ते, पत्ता आहे पत्ता." पिस्टनचा पल्ला मोजला, तो १२८ मिलिमीटर भरला. पुन्हा तेच सूत्र लावले. उत्तर ५६७५ घनसेंटिमीटर. फवारा थेट पिस्टनवर पडणाऱ्या जातीचे हे इंजिन. म्हणून ग्लो प्लग नाहीत, म्हणून वायर कापलेली. सर्व साक्षीदार पहिल्या दिवसापासून हजर होते. न्यायाधीशच झोपी गेले होते. "कागद मालक सांगेल तेच बोलतो," चाचा हात पुशीत म्हणाले, "लोखंड आपलं आपण बोलतं."

त्या रात्री आमच्या मनात जे आले ते लिहावयास लाज वाटते. पण ते गाळले तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मागणी तोंडी केली होती, लेखी पुरावा कोठेच नव्हता. तेव्हा व्यापाऱ्यास असे पत्र लिहावे की, 'आम्ही ६९७ च्या रिंगा मागविल्या असता तुम्ही ३१२ च्या धाडल्या. सबब पैसे परत करावे.' आमच्या धाकट्या बहिणीचे अक्षर चांगले, म्हणून ओट्यावर दिव्याखाली बसून आम्ही तिला मजकूर सांगत होतो. ती मध्येच थांबून म्हणाली, "पण दादा, तू तर तीनशे बाराच सांगितलं होतंस ना?" आम्ही तिला दटावले. तोच अंधारातून आबांचा आवाज आला, "ती वही इकडे आण."

त्यांनी वही वाचली नाही. त्यांना ती वाचता आलीही नसती. ती मांडीवर ठेवून ते बोलू लागले.

१९८३ सालचा उन्हाळा. चिपळूणहून जांभा दगड भरून गाडी कुंभार्ली घाट चढत होती. आबा चालवीत होते. बरोबर एक पोरगेला क्लीनर. अर्ध्या घाटात पाणी उकळून वाफ सुटली. क्लीनर म्हणाला, "मालक, थंड होऊ द्या." आबांस उशीर झाला होता. त्यांनी झऱ्याचे गार पाणी आणून त्या तापलेल्या इंजिनात ओतले. तापलेल्या बिडावर एकाएकी गार पाणी पडले की ते असमान आकसते व तडकते. तसेच झाले, ब्लॉकला उभी चीर गेली. घरी पणजोबांचा स्वभाव जमदग्नीचा. त्यांनी विचारले, "पाणी कोणी ओतलं?" आबा खाली मान घालून उभे राहिले. पणजोबांनी त्या मौनाचा अर्थ क्लीनरकडे लावला. त्या मुलानेही मालकाच्या तोंडाकडे एकदा पाहिले आणि तो काही बोलला नाही. त्याच संध्याकाळी त्याचा हिशेब झाला. पुढे एका अपघातात मोडलेल्या नव्या गाडीचे इंजिन आणून या गाडीत बसविले. त्याची नोंद पुस्तकात झाली नाही. आणि कोणी त्या गोष्टीचा धागा ओढू नये म्हणून आबा जन्मभर 'तीनशे बारा'च सांगत राहिले.

"दोन वर्षांनी मी त्याच्या गावी गेलो," आबा म्हणाले, "तो मुंबईला गेला होता. पत्ता कोणापाशी नव्हता. मग मी पुन्हा शोधला नाही. शोधता आला असता." थोडे थांबून त्यांनी वही आमच्या हातात परत दिली. "तू विचारलंस तेव्हाही मी खोटंच सांगितलं. ते सहा हजार तुझ्या चुकीचे नव्हेत बाळ, माझ्या खोट्याचे आहेत. आता त्यात तुझं एक आणखी घालू नकोस."

आमच्या घरात कोणाच्या हातून कपबशी फुटली की त्या क्लीनरचे नाव घेऊन 'त्याचा हात लागला वाटतं!' असे म्हणण्याची चाल होती. आम्ही स्वतः ते नाव थट्टेने कितीदा घेतले असेल! तो खराखुरा मनुष्य होता, आणि त्याने काही फोडलेच नव्हते, हे त्या रात्री प्रथम कळले. आम्ही वहीतील ते पान फाडले व दुसरे पत्र स्वतःच्या अक्षरात लिहिले : चूक आमची आहे, माल परत घेणे आपल्या मर्जीवर. व्यापाऱ्याने सभ्यपणे कळविले की, फोडलेला माल घेता येत नाही. ते योग्यच होते. तो संच आता आमच्या अभ्यासाच्या मेजावर खिळ्याला टांगलेला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्व मंडळी पानांवर बसली असता आबांनी ती हकीकत पुन्हा, सर्वांसमक्ष सांगितली. वडिलांचा घास हातातच राहिला. आजी एवढेच म्हणाली, "इतकी वर्षं कसं सोसलंत?" त्या दिवसापासून ती कपबशीची म्हण आमच्या घरात कोणी उच्चारीत नाही.

यापुढील काम लवकर सांगतो. ६९७ हे इंजिन देशात पुष्कळ चालले असल्यामुळे त्याच्या रिंगा व गॅसकेट कऱ्हाडातच मिळाले. पैसे आम्ही सायकलीकरिता साठविलेल्या रकमेतून दिले. आबांनी नको म्हटले नाही, यातच आमचा सन्मान झाला असे आम्ही समजतो. नोझल पंपाच्या दुकानात नेऊन त्यांचा फवारा तपासून घेतला. व्हॉल्व्ह घासून बसविले. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, क्रमाक्रमाने व थोडेथोडे आवळावे लागतात. एकच बाजू आधी आवळली तर हेड वाकडे बसते. शेवटी डिझेलच्या नळ्यांतील हवा काढली. हातपंप दाबीत राहावयाचे, स्क्रू किंचित सैल ठेवावयाचा, आणि बुडबुडे थांबून निखळ डिझेल येऊ लागले की आवळावयाचा. बॅटरी नव्हती. ती वडिलांनी न मागता आपल्या ट्रॅक्टरची काढून आणून दिली.

जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आभाळ भरून आलेले असताना, आबांस खुर्चीवर बसवून गाडीपाशी आणले. चाचांनी इशारा केला. इंजिन दोनदा कण्हले, तिसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा लोट सोडून गर्जू लागले. चिंचेवरचे सारे कावळे उडाले. आम्ही आबांकडे पाहिले. डोळे मिटून ते ऐकत होते, मग बोट वर करून म्हणाले, "एक कमी बोलतोय." चाचांनी नोझलच्या नळ्यांच्या चक्क्या एकामागून एक सैल करून पाहिल्या. जो सिलिंडर काम करीत असतो त्याची चक्की सैल होताच आवाज बदलतो. चौथ्याची सैल केली तरी आवाज तसाच. त्या नळीत हवा राहिली होती. ती निघाली, आणि मग सहाही सिलिंडर आपापल्या पाळीने, एक, पाच, तीन, सहा, दोन, चार, असे बोलू लागले. आबा काही म्हणाले नाहीत. चाचांनी आपली टोपी सारखी केली आणि ते दुसरीकडे पाहू लागले.

भंगारवाल्यास वडिलांनी परत पाठविले. गाडी रस्त्यावर जाणार नाही, परंतु पावसाळ्यापूर्वी तिच्यावर छप्पर घालण्यात आले. त्याच दिवशी आबांनी आमच्याकडून एका कागदावर दोन ओळी लिहवून घेतल्या, खाली आपली वाकडीतिकडी सही केली, आणि तो कागद नोंदणीपुस्तकात ठेविला : 'इंजिन १९८३ साली बदलले. जुने माझ्या हातून फुटले. क्लीनरचा दोष नव्हता.'

चीर गेलेला ब्लॉक बदलता येतो. ज्याचा रोजगार गेला त्या मनुष्यास त्याचे दिवस परत देता येत नाहीत. ही गोष्ट आबांस ठाऊक आहे, म्हणूनच इंजिन सुरू झाल्यावरही ते हसले नसावेत. आम्हांपुरते म्हणाल, तर यापुढे कोणी आम्हांस काही ठामपणे सांगू लागले की आम्हांस तो खण्ण असा आवाज आठवतो, आणि आपल्याच मनाने एखादा सोयीस्कर युक्तिवाद पुढे केला, तर तो अधिकच मोठ्याने आठवतो. मग आम्ही बोळा व ब्रश शोधू लागतो.

— एक विद्यार्थी, इयत्ता दहावी